दुचाकीवरून परवान्याची बंदूक नेताना

सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरील गावांत शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्याची बंदूक एरवी घर आणि बागायत सोडून फारशी कुठे जात नाही. मात्र निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते, परवान्याचे नूतनीकरण आले की तपासणीसाठी दाखवावी लागते, आणि चाप अडखळू लागला किंवा दस्त्याला तडा गेला की परवानाधारक शस्त्र दुकानात न्यावी लागते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावापर्यंतचा हा रस्ता बहुतेकांना दुचाकीवरूनच काढावा लागतो. स्वतःची बंदूक घेऊन कामावर जाणारे सुरक्षारक्षक आणि रोकड सांभाळणारे छोटे व्यापारी यांचीही गोष्ट वेगळी नाही. पुढील मजकूर अशा वैध परवानाधारकांसाठी आहे.

मोटारीत निदान दारे बंद होतात, काचा वर होतात आणि मागची डिकी कुलूपबंद राहते. दुचाकीवर बंद होणारी जी जागा असते ती मुख्यतः पावसापासून सामान वाचवण्यासाठी केलेली असते. स्कूटरच्या सीटची कड जोर लावून उचलता येते, आणि मागे बसवलेला प्लास्टिकचा टॉप बॉक्स कुलपासकट उपटून नेता येतो. त्यामुळे कुठले कुलूप घ्यावे हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. शस्त्र आपल्यापासून दूर होणार नाही असा प्रवास आखणे, ते दूर झालेच तर त्या अवस्थेत कोणालाही चालवता येणार नाही अशी व्यवस्था करणे, आणि गाडी घसरली तर त्याच शस्त्रामुळे आपल्याला किंवा मागे बसलेल्याला इजा होणार नाही हे पाहणे, एवढ्यावर सगळी काळजी उभी आहे.

कागदपत्रे आणि रस्ता

परवान्याची मूळ प्रत सोबत असलीच पाहिजे, आणि ती बंदुकीच्या गवसणीत न ठेवता स्वतःच्या खिशात, पाणी न लागणाऱ्या पाकिटात ठेवावी. बंदूक चोरीला गेली आणि परवानाही तिच्याबरोबर गेला, तर तक्रार लिहून देताना क्रमांकसुद्धा सांगता येत नाही. नळीवर आणि मधल्या लोखंडी भागावर कोरलेला क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी जुळवून पाहावा, त्याचे स्पष्ट छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे आणि परवान्यावरील यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतील एकमेव क्रमांक, घरी एका वहीत लिहून ठेवावा. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली आहे. मुदत लांबल्यामुळे ती विसरण्याची शक्यताही वाढली आहे, म्हणून निघण्यापूर्वी शेवटची तारीख एकदा डोळ्यांखालून घालावी.

परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. तो जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा संपूर्ण भारतासाठी असू शकतो, आणि बांदा किंवा दोडामार्ग भागात राहणाऱ्यांना गोव्याची हद्द इतकी जवळ असते की जवळचा रस्ता, स्वस्त पेट्रोल किंवा ओळखीचे दुकान यांच्या मोहाने माणूस सहज पलीकडे जातो. महाराष्ट्रापुरता परवाना असलेल्याने बंदूक घेऊन ती हद्द ओलांडली, तर पुढे पाच-दहा किलोमीटरच जायचे होते या सांगण्याला काही अर्थ उरत नाही.

अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यांचा विचार तर फारच थोडे लोक करतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडाघाट उतरणारा, किंवा परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीला जाणारा रस्ता रोजच्या वहिवाटीचा असला, तरी तो संरक्षित जंगलातून जातो. अशा ठिकाणी वळसा पडला तरी दुसरा घाट धरावा, आणि वळसा शक्यच नसेल तर वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून लेखी परवानगी घ्यावी. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंदणी करून घेणेही याच कायद्याने बंधनकारक केले आहे. ती झालेली असेल, तर तिची प्रत परवान्याबरोबर ठेवावी.

सणासुदीच्या, मोर्चांच्या किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्यावर बंदी असते. आदल्या दिवशी पोलीस ठाण्याला फोन करून, आदेश लागू आहे का आणि असल्यास जमा करण्यासाठी येणाऱ्याने काय करावे, एवढे विचारून घेतले म्हणजे नाक्यावरचा वाद टळतो. निवडणुकीच्या वेळी कोणाची शस्त्रे जमा करायची याची छाननी जिल्हा पातळीवरील समिती करते. तेव्हा लेखी नोटीस आली असेल तर ती जवळ ठेवावी, कारण त्या दिवशी आपण बंदूक घेऊन रस्त्यावर का आहोत याचे सर्वांत सोपे उत्तर तीच असते.

वडिलांच्या नावावरची बंदूक मुलाने नेणे ही गावोगावची रीत आहे, पण ती सरसकट कायद्यात बसत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ मध्ये एवढीच मोकळीक आहे की परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानिशी दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा स्वतः परवानाधारकाच्या वापरासाठी शस्त्र नेऊ शकते. म्हाताऱ्या वडिलांना दुचाकीवर बसवत नसेल, तर मुलाने त्यांच्या सहीचे पत्र घ्यावे, त्यात बंदुकीचा क्रमांक, कारण, तारीख आणि ठिकाण लिहावे आणि मूळ परवाना बरोबर न्यावा. बंदूक जमा करण्याचा उल्लेख या मोकळिकीत नाही, म्हणून त्यासाठी ठाणे अंमलदाराशी आधी बोलून घेणेच योग्य होय.

बंदूक रिकामी आहे, याची खात्री

काडतुसाच्या बंदुकीत हे काम सोपे आहे. नळीचे तोंड जमिनीकडे किंवा मोकळ्या मातीच्या बांधाकडे ठेवून बंदूक उघडावी, काडतुसे काढावीत, चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी पाहावे आणि करंगळी आत घालून चाचपावे. दुनळी असेल तर दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. सेफ्टी लावली आहे, म्हणून आत काडतूस राहिले तरी चालेल, हा समज सोडून द्यावा. सेफ्टी बहुतेक बंदुकांत केवळ चाप अडवते आणि गाडी आपटली तर आतल्या घोड्याला बसणाऱ्या धक्क्याची हमी ती देत नाही. पिस्तुलाचे मॅगझिन आधी काढावे आणि मगच स्लाइड मागे ओढून चेंबर पाहावे. क्रम उलटा झाला, तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले दुसरे आत जाऊन बसते. रिव्हॉल्व्हरचे चक्र बाहेर काढून प्रत्येक घर मोजावे.

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक मात्र वेगळीच काळजी मागते, आणि कोकणात ती अजून पुष्कळांकडे आहे. तिच्या निप्पलवरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या छोट्या नळकांडीवरची, ठिणगी देणारी टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे मानले जाते, पण नळीच्या तळाशी बार, म्हणजे दारू आणि छर्रे, तसाच भरलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. यासाठी टोपी काढल्यावर, चेहरा नळीच्या तोंडासमोर येऊ न देता, गज आत तळापर्यंत सोडावा, तोंडापाशी त्यावर चिमटीने खूण धरावी, गज बाहेर काढावा आणि नळीला बाहेरून समांतर लावून पाहावा. खुणेपासूनचे टोक निप्पलच्या जागेपर्यंत पोहोचले तर नळी रिकामी आहे. ते चार-सहा बोटे अलीकडेच राहिले तर आत बार आहे. बहुतेक जुन्या शिकाऱ्यांच्या गजावर रिकाम्या नळीची खाच कोरलेली असे, आणि ती पद्धत आजही अवलंबण्यासारखी आहे. भरलेली ठासणी दुचाकीवर कोणत्याही परिस्थितीत चढवू नये; जाणत्या माणसाकडून बार काढून घ्यावा, नळी पुसावी आणि मगच निघावे.

लांब बंदूक कशी न्यावी

गावात सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे बंदूक पट्ट्याने पाठीवर तिरकी अडकवणे. ती उघड्यावर असेल तर नियमांत बसत नाही, आणि झाकलेली असली तरी ती वाईटच आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी लांब बंदूक तिच्यासाठी केलेल्या आवरणात, पूर्णपणे झाकलेली आणि नेणाऱ्याच्या परिणामकारक ताब्यात असली पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी, पाठीच्या कण्याला समांतर बांधलेली लोखंडी नळी घेऊन माणूस रस्त्यावर पडला तर आघात नेमका मणक्यावर येतो. शिवाय नळीचे वर आलेले टोक कमी उंचीच्या फांद्यांत आणि तारांत अडकते, आणि मागे कोणी बसले असेल तर ते त्याच्या तोंडासमोर हलत राहते.

बंदूक मांडीवर किंवा सीटवर आडवी धरणे हा त्याहूनही घातक प्रकार आहे. जोडलेली बारा बोअरची बंदूक साधारण चार फूट लांब असते, तर दुचाकीच्या हँडलची रुंदी अडीच फुटांच्या आसपास असते. म्हणजे दोन्ही बाजूंनी ती हँडलच्या बाहेर येते, आणि ओव्हरटेक करणाऱ्या टेम्पोचा तिला नुसता स्पर्श झाला तरी गाडी आडवी होते.

यावर सर्वांत चांगला उपाय बंदुकीच्या रचनेतच आहे. एकनळी किंवा दुनळी उघडणारी बंदूक तीन भागांत सुटी होते: नळी, दस्त्यासह मधला लोखंडी भाग, आणि नळीखालचा हात धरायचा लाकडी भाग, ज्याला दुकानदार फोर-एंड म्हणतात. सुटी केल्यावर सर्वांत लांब भाग नळीचाच, म्हणजे २८ ते ३२ इंचांचा उरतो आणि ती अडीच-पावणेतीन फुटांच्या कडक पेटीत मावते. फोर-एंड या पेटीत न ठेवता जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावा, असा माझा आग्रह आहे. तो नसेल तर नळी दस्त्याला नीट धरून राहत नाही, आणि पेटी पळवणाऱ्याच्या हाती चालती बंदूक न येता सुट्या भागांचे ओझे येते. ०.३१५ बोअरच्या रायफलीत हीच भूमिका बोल्टची, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची आहे: बोल्ट काढून स्वतःजवळ ठेवला की उरलेली रायफल निकामी असते. बाजारात चाप झाकणारी कुलपे मिळतात आणि ती लावायला हरकत नाही, पण चोराला निवांत वेळ मिळाला तर असे कुलूप फोडता येते. त्याच्याजवळ नसलेला भाग मात्र त्याला फोडून मिळत नाही. चापाचे कुलूप लावायचेच असेल तर बंदूक रिकामी असल्याची खात्री करूनच लावावे, कारण भरलेल्या बंदुकीच्या चापाजवळ लोखंडाचा तुकडा सरकवणे हाच एक अपघात आहे.

पेटी सीटच्या मागच्या भागावर आणि कॅरिअरवर गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवावी. याचा अर्थ त्या दिवशी मागे कोणी बसणार नाही हे आधीच ठरवून घ्यावे. बांधण्यासाठी हुकांचे इलॅस्टिक पट्टे वापरू नयेत. खड्ड्यात ते ताणले जातात, पेटी एक बोटभर उचलली जाते आणि हुक निसटतो. खटक्याचे, म्हणजे रॅचेटचे, दोन रुंद पट्टे घ्यावेत, एक पुढे आणि एक मागे, आणि त्यांची मोकळी टोके साखळीत किंवा चाकात जाणार नाहीत अशी गुंडाळून बांधावीत. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या त्यांच्या जोडीला चांगल्या पकड देतात, पण केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. यांखेरीज पेटीच्या मुठीतून आणि गाडीच्या चौकटीतून पोलादी तारेचे एक कुलूप ओवावे. ते कटरने तुटतेच. त्याचे काम एवढेच, की सिग्नलला थांबलेले असताना कोणी पेटी हिसकावून पळू नये. निघाल्यावर पहिल्या पाच किलोमीटरनंतर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण नवीन बांधलेला पट्टा सुरुवातीलाच ढिला होतो.

कडक पेटी नसेल तर जाड कापसाचे अस्तर असलेली गवसणी चालते, आणि अशा वेळी सुट्या भागांची गवसणी दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेल्या पिशवीत घालून पाठीवर घेता येते. पण नळी पुन्हा कण्यावर येऊ नये म्हणून ती एका बाजूला ठेवावी, तोंड खाली करावे आणि दुसऱ्या बाजूला कपड्यांची घडी भरावी. गवसणी किंवा पेटी बाहेरून साधी असावी. तिच्यावर बंदुकीचे चित्र, शिकारी प्राण्याचे डोके किंवा शस्त्र कंपनीचे नाव मिरवण्याने काय साधते हे मला आजवर कळलेले नाही. रस्त्यावरच्या चोराला मात्र ते नेमके कळते.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर

लहान शस्त्राच्या बाबतीत पर्याय दोनच उरतात: अंगावरचे होल्स्टर किंवा पाठीवरची पिशवी. नियमही हेच सांगतात. टाकीवरची चुंबकाची पिशवी, बाजूच्या सॅडल बॅगा, स्कूटरची डिकी या तिन्ही जागा वर्ज्य समजाव्यात. सॅडल बॅग सायलेन्सरच्या बाजूला असल्याने तापते हे एक कारण, आणि आपण पाण्याची बाटली घ्यायला दुकानात शिरलो की ती मागे राहते हे दुसरे व मोठे कारण.

होल्स्टर चाप पूर्ण झाकणारे आणि वरून बटणाने किंवा पट्टीने बंद होणारे असावे. हँडलवर वाकून बसल्यावर सैल होल्स्टरमधून शस्त्र वर सरकते, हे घरच्या घरी, गाडी स्टँडवर लावून आणि शस्त्र रिकामे ठेवून तपासता येते. कमरेच्या मागच्या खळग्यात ते अडकवू नये; पडल्यावर तेथेच मार बसतो. बरगडीच्या खाली, बाजूला आणि किंचित पुढे ही जागा त्यातल्या त्यात बरी, आणि वरून जाकीट बंद असावे, म्हणजे वाऱ्याने कापड उडून शस्त्र दिसणार नाही. चामड्याचे होल्स्टर ऐटदार दिसते, पण कोकणच्या पावसात ते पाणी धरून ठेवते आणि एका रात्रीत लोखंडावर तांबूस ठिपके उमटतात. पावसाळ्यात कृत्रिम कापडाचे किंवा प्लास्टिकचे वापरावे.

स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेले लोक येथे विचारतील, की रिकामे शस्त्र घेऊन फिरण्याचा उपयोग काय. धोका खरोखर दारात उभा असलेल्या माणसाचा निर्णय वेगळा असू शकतो. परंतु दुचाकी चालवताना दोन्ही हात हँडलवर असतात, हल्लेखोर मागून येतो, आणि गाडी पडण्याची शक्यता हल्ला होण्याच्या शक्यतेहून कितीतरी जास्त असते, हे लक्षात घेता प्रवासात चेंबर रिकामे असणेच शहाणपणाचे आहे.

नेमबाजीचे खेळाडू पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात सरावाला स्कूटरवरून जाताना दिसतात. ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीला किंवा पिस्तुलाला परवाना लागत नाही, तरी ते पाहणाऱ्याला खऱ्या शस्त्रासारखेच दिसते, म्हणून झाकण्याचे नियम स्वतःहून पाळावेत. दाबाखालील हवेचा सिलिंडर उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नये, त्याची मुदत पाहावी, आणि नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घातलेली राहू द्यावी.

काडतुसे

काडतुसे बंदुकीपासून वेगळी, वेगळ्या पिशवीत, मूळ खोक्यात किंवा खाचा असलेल्या डबीत ठेवावीत. जमा करण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी जाताना ती घरी कुलपात ठेवून जाणे सर्वांत चांगले, मात्र नोटिशीत काडतुसेही आणायला सांगितले असेल तर मोजून न्यावीत आणि परवान्यात एका वेळी बाळगण्याची जी मर्यादा लिहिली आहे, तिच्या आत आहेत हे पाहावे. सुटी काडतुसे खिशात टाकू नयेत. नाणी आणि किल्ल्यांबरोबर घासून त्यांची तोंडे ढिली होतात, आणि खिशातला एखादा दाणा पुढे कपडे धुताना निघतो. सायलेन्सरपासून ती दूर असावीत. ठासणीची दारू आणि टोप्या कधीच एका डब्यात ठेवू नयेत.

वाटेत थांबणे

चोरी बहुधा धावत्या गाडीवरून होत नाही, थांबलेल्या गाडीवरून होते. म्हणून पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरावे, पाणी बरोबर घ्यावे, न्याहारी घरी करून निघावे, आणि तालुक्याचे काम असेल तर पहिले काम पोलीस ठाण्याचे, मग बाजार, हा क्रम कधीही उलटवू नये. पेटी कॅरिअरवर ठेवून भाजी मंडईत शिरणारे आणि वाटेतल्या लग्नघरी बंदुकीसह जेवायला थांबणारे पुष्कळ आहेत. लग्नात ती कोणीतरी पाहायला मागते आणि तेथून पुढचे आपल्या हातात राहत नाही.

चहाला थांबलेच तर गाडी टेबलावरून दिसेल अशी लावावी, आणि दृष्टीआड होणार असेल तर पेटी सोडवून आत न्यावी. खरी पंचाईत स्वच्छतागृहाची असते. एकट्या माणसाने पेटी घेऊनच आत जावे, गैरसोय झाली तरी. लांबच्या प्रवासात दुसऱ्या दुचाकीवर एक सोबती असणे हा सगळ्यांत कमी खर्चाचा उपाय आहे, मात्र त्याने केवळ राखण करायची. पेटी उघडून पाहायची नाही.

मुक्काम करावा लागणार असेल तर शस्त्र लॉजच्या गल्ल्यावर किंवा व्यवस्थापकाच्या कपाटात देऊ नये, कारण तो ते ताब्यात ठेवण्यास अधिकृत नाही. काही परवानाधारक शस्त्र विक्रेत्यांकडे शस्त्रे सुरक्षित ठेवण्याचीही परवानगी असते. वाटेवरच्या शहरात असे दुकान असल्यास आधी फोन करून, पावती घेऊन रात्रीपुरते तेथे ठेवता येते. ते जमले नाही तर खोली आतून बंद करून, पेटी पोलादी तारेने पलंगाच्या जड चौकटीला बांधून, सुटा भाग उशाशी ठेवून झोपावे आणि जेवण खोलीतच मागवावे. शस्त्र खोलीत ठेवून बाहेर फिरायला जायचे असेल तर मुळात ते आणायलाच नको होते. आणि ज्या संध्याकाळी बंदूक सोबत आहे, त्या संध्याकाळी दारूचा पेला हाती घेऊ नये.

नाकाबंदी

पोलिसांनी थांबवले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, हात हँडलवर दिसत राहू द्यावेत आणि पेटीकडे किंवा कमरेकडे हात नेण्यापूर्वी तोंडाने सांगावे: “साहेब, माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे. ती मागच्या पेटीत रिकामी आहे. परवाना या खिशात आहे, काढू का?” परवाना शस्त्रापासून वेगळ्या बाजूच्या खिशात ठेवण्याचा फायदा येथे कळतो. पेटी उघडायला सांगितले तर उघडावी, पण रस्त्याच्या मधोमध बंदूक जोडून दाखवू नये.

पडल्यास, हरवल्यास

आपण बेशुद्ध झालो तर पेटीचे काय, याचा विचार निघण्यापूर्वीच करावा. घरच्या एका व्यक्तीला रस्ता, निघण्याची वेळ आणि शस्त्र सोबत असल्याचे सांगून ठेवावे. शुद्धीवर असल्यास १०८ च्या रुग्णवाहिकेतील माणसांना आणि ११२ वर पोलिसांना शस्त्राबद्दल पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि ते जमलेल्या गर्दीतल्या ओळखीच्या माणसाकडे न देता पोलिसांकडेच सोपवावे. गाडी घसरली आणि आपल्याला खरचटलेही नाही, तरी नळीला पोचा, तोंडात माती किंवा दस्त्याला बारीक चीर नाही हे पाहिल्याखेरीज त्या बंदुकीतून बार उडवू नये. नळीत चिखलाची गुठळी अडकलेली असताना उडवलेल्या बाराने नळी फुटू शकते.

शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले, तर आधी आपणच शोधू आणि मग पाहू, असे करत दिवस घालवू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवणे ही परवान्याची अट आहे, आणि परवान्याच्या अटी मोडणे हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ठाणे आपल्या हद्दीचे नाही म्हणून परत पाठवले गेले, तर ११२ वर फोन करून वेळ नोंदवून घ्यावी. क्रमांक, यूआयएन, शेवटची जागा आणि कोणता भाग आपल्याजवळ शिल्लक आहे, हे तक्रारीत लिहावे. परवाना देणाऱ्या कार्यालयालाही त्याच दिवशी लेखी कळवावे.

जमा करणे आणि परत आणणे

ठाण्यात पोहोचल्यावर बंदूक जोडून न देता सुटीच दाखवावी, अंमलदाराने सांगितल्यावर जोडावी, आणि पावतीत क्रमांकाबरोबर फोर-एंड, पट्टा, गवसणी व काडतुसांची संख्या स्वतंत्रपणे लिहून घ्यावी. फोर-एंड खिशात राहून गेला आणि तो सोबत घेऊन माणूस घरी परतला, असे घडते. म्हणून निघण्यापूर्वी खिसा चाचपावा. देण्याआधी नळीला आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवावा, कारण खोलीतली दमट हवा आपल्या हाताबाहेर असते. पेटी फोमच्या अस्तराची असेल तर बंदूक त्यातच महिनोन्‌महिने राहू देऊ नये. फोम ओल धरतो.

परत आणण्याचा दिवस लोक हलक्यात घेतात. शस्त्र ताब्यात घेताना क्रमांक परवान्याशी पुन्हा जुळवावा, बंदूक उघडून ती रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी आणि नळीतून उजेडाकडे पाहावे. एक-दोन महिने स्थिर पडून राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि ते तोंडापासून वीतभर आत असेल तर वरवर पाहून कळत नाही. ठाण्याच्या आवारातच गजाला कापड गुंडाळून ते काढावे, नळी स्वच्छ झाल्यावर भाग पुन्हा सुटे करावेत, फोर-एंड खिशात घालावा आणि पेटीचे दोन्ही पट्टे आवळून सरळ घरचा रस्ता धरावा.